कराची ते क्रॉयडन : १९३० ची एक हवाई शर्यत

१९३० सालचे एप्रिल आणि मे हे दोन महिने आपल्या देशाच्या इतिहासात कशासाठी प्रसिद्ध आहेत, हे शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर महात्माजींनी चिमूटभर मीठ उचलले. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर त्यांना अटक झाली. ८ मे रोजी सोलापुरात गोळीबार झाला, गिरण्यांतील कामगार आणि गावातील सामान्य माणसे रस्त्यावर उतरली, आणि १२ मे रोजी त्या शहरावर लष्करी कायदा लादण्यात आला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले. हा इतिहास आपला आहे आणि तो आपण विसरता कामा नये.

परंतु इतिहासाच्या एकाच पानावर अनेक ओळी लिहिलेल्या असतात. सोलापूर पेटले होते त्याच पंधरवड्यात तीन हिंदी तरुण कापडी पंखांच्या तीन लहान विमानांत बसून इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधले वाळवंट आणि समुद्र ओलांडीत होते. एक विशीच्याही आतला, एक चोविशीच्या सुमाराचा आणि एक पंचविशीतला. तिघांच्या पुढे एकच पारितोषिक होते. त्या शर्यतीची हकीकत मला आज सांगावयाची आहे. हमाल, जिनिंगमधले मजूर आणि रेल्वेचे कामगार यांच्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या माणसाने विमानांच्या शर्यतीवर का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर हकीकतीच्या ओघात मिळेल अशी माझी उमेद आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. विमान या देशात आले ते फार लवकर. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादच्या प्रदर्शनात आँरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुनेपलीकडील नैनीपर्यंत उड्डाण केले. विमानाने अधिकृत टपाल नेण्याचा तो जगातील पहिला प्रसंग मानतात. पण विमान फ्रेंच माणसाच्या हातात, टपाल इंग्रज सरकारचे, आणि आपले लोक खाली उभे राहून माना वर करून पाहणारे! पहिल्या महायुद्धात इंद्रलाल रॉय, हरदित सिंग मलिक यांच्यासारखे मोजके हिंदी तरुण ब्रिटिश वायुदलात शिरले. इंद्रलाल रॉय तर १९१८ साली वयाच्या एकोणिसाव्या वर्षी लढता लढता मारला गेला. मात्र युद्ध संपल्यावर ते दार पुन्हा बंद झाले. ३० मार्च १९२९ पासून इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन–कराची असा आठवड्याचा हवाई मार्ग सुरू केला. त्याही विमानांत सुकाणूवर हिंदी माणूस नव्हता. हिंदी माणसाला यंत्र चालवता येईल का, दिशा ओळखता येतील का, संकटात त्याचे डोके ठिकाणावर राहील का, या शंका राज्यकर्ते बोलून दाखवीत, आणि आपल्यातलेही पुष्कळजण त्या मनातल्या मनात मान्य करीत.

या ठिकाणी कोणी मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव घेईल. १८९५ साली चौपाटीवर त्यांनी विमान उडवले अशी कथा आपल्याकडे मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. तळपदे हे हिकमती आणि अभ्यासू गृहस्थ होते, याबद्दल वाद नाही. पण त्या उड्डाणाला भरवशाचा पुरावा नाही, आणि ज्या वैमानिकशास्त्राचा आधार दिला जातो त्यातील यंत्रे उडूच शकत नाहीत असा निष्कर्ष बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७४ साली तपासणीअंती काढला. आमच्या कामात हजेरीपटावर नाव नसेल तर मजुरी मागता येत नाही. इतिहासाचाही हिशेब तसाच ठेवावा. अभिमान वाटावा असे खरे घडलेले पुष्कळ आहे. त्यासाठी दंतकथेकडे हात पसरण्याचे कारण नाही.

१९२८–२९ च्या सुमारास मुंबई, दिल्ली, कराची, कलकत्ता येथे उड्डाणाचे क्लब निघाले. सरकारी मदतीमुळे त्यांत हिंदी तरुणांनाही शिकता येऊ लागले. जुहूच्या मैदानावर मुंबईचा क्लब शिकवीत असे. तेथे शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी ज्याने भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला, तो तरुण म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. त्या परवान्यावर क्रमांकच मुळी १ होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस आगाखान यांनी पाचशे पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. इंग्लंडहून हिंदुस्थानात किंवा हिंदुस्थानातून इंग्लंडला जो हिंदी माणूस प्रथम एकट्याने विमान घेऊन जाईल त्याला ते मिळावयाचे होते. अटी दोनच महत्त्वाच्या. विमानात दुसरा माणूस असता कामा नये, आणि निघाल्यापासून एका महिन्याच्या आत प्रवास पुरा झाला पाहिजे.

पाचशे पौंड म्हणजे किती, हे आधी नीट समजून घेऊ. तेव्हा रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स होता. त्या हिशेबाने पाचशे पौंडांचे साधारण सहा हजार सहाशे सदुसष्ट रुपये होतात. मुंबईच्या कापड गिरणीतला कामगार त्या काळी महिना तीस-पस्तीस रुपयांच्या आसपास मिळवीत असे. म्हणजे हे पारितोषिक त्याच्या सोळा ते अठरा वर्षांच्या मजुरीइतके होते. आणि एवढे असूनही त्या रकमेत एक नवे विमान येत नव्हते! तेव्हा या शर्यतीत उतरण्याची पहिली पायरी पैशाची होती, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरी विमान घेण्याची वा मिळवण्याची ऐपत, त्यालाच धाडस दाखवण्याची संधी. धाडस गरिबाघरीही असते. त्याला मैदान मिळत नाही, इतकेच.

आता ते विमान कसे होते ते पाहू. तिन्ही स्पर्धकांकडे द हॅविलंड कंपनीचे ‘जिप्सी मॉथ’ होते. मॉथ म्हणजे पतंग, दिव्यावर झेप घेतो तो. नाव अगदी शोभणारे होते. सांगाडा लाकडाचा, त्यावर ताणून बसवलेले कापड, कापडाला रोगण, एकावर एक असे पंखांचे दोन मजले आणि मधून तारा. पंख मागे दुमडून ते एखाद्या वखारीतही ठेवता येई. इंजिन चार सिलिंडरचे, शंभर अश्वशक्तीचे. आज एखाद्या मध्यम मोटारगाडीतही तेवढी शक्ती असते. वेग ताशी सुमारे १३५ किलोमीटर. बसण्याची जागा उघडी. ऊन, वारा, वाळू, पाऊस सारे थेट तोंडावर. जमिनीशी बोलण्याचे साधन नाही. होकायंत्र, घड्याळ, गुडघ्यावर पसरलेला नकाशा आणि खाली दिसणारी जमीन, यांवर सारा भरवसा.

आणि वाट कोणती? कराचीहून निघाले की मकरानचा ओसाड किनारा, मग इराणचे आखात, बसरा, बगदाद. तेथून सीरियाचे वाळवंट ओलांडून पॅलेस्टाईन, मग इजिप्त. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने पश्चिमेला, भूमध्य समुद्र ओलांडून इटली, पुढे फ्रान्स आणि शेवटी लंडनजवळचे क्रॉयडनचे विमानतळ. एकूण सुमारे आठ हजार किलोमीटर. या वाटेवरील एक गोष्ट मला फार आवडते. बगदाद आणि कैरो यांच्यामधल्या वाळवंटात खाणाखुणा काही नाहीत; वैमानिक हटकून रस्ता चुकत. म्हणून १९२१ साली ब्रिटिश वायुदलाने तेथे मोटारींच्या चाकोरीने आणि जागोजाग नांगराने तास ओढून शेकडो मैलांची एक खूण तयार केली. वैमानिक ती रेघ खाली पाहत पाहत उडे. आपण काळ्या मातीतली माणसे. नांगराचा तास बैलाला वळण लावतो हे आपल्याला ठाऊक आहे. तोच तास आकाशातल्या माणसालाही वाट दाखवीत होता.

आता स्पर्धक. पहिला मनमोहन सिंग. जन्म रावळपिंडीचा, शिक्षण इंग्लंडात ब्रिस्टल येथे. त्याने आपल्या विमानाचे नाव ‘मिस इंडिया’ ठेवले. इंग्रजीत ‘मिस’ म्हणजे कुमारी, आणि ‘मिस’ म्हणजे चुकणेही. लंडनमधील विमानविषयक साप्ताहिकाच्या संपादकाने लगेच कोटी केली की, या गृहस्थाने विमानाला योग्य नाव दिले आहे, हा हिंदुस्थान चुकणारच! पहिले दोन्ही प्रयत्न अर्ध्यावर सोडून मनमोहन सिंगाला परतावे लागले, तेव्हा ती कोटी अधिकच रंगवून सांगितली गेली असेल. तरी तो तिसऱ्यांदा निघाला. चेष्टेला त्याने जबाब दिला तो एवढाच.

दुसरा अस्पी इंजिनियर. डिसेंबर १९१२ मधला जन्म, रेल्वेतील अभियंत्याचा मुलगा, कराचीकडे वाढलेला. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यातच होती. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ साली. मार्च १९३० मध्ये आर. एन. चावला या वैमानिकाबरोबर अस्पी जिप्सी मॉथमधून कराचीहून निघाला आणि सतराव्या दिवशी दोघे इंग्लंडला पोहोचले. हिंदी माणसांनी हिंदुस्थानातून इंग्लंडपर्यंत विमान नेण्याचा हा पहिलाच पराक्रम. पण दोघे मिळून गेल्यामुळे आगाखान पारितोषिकाच्या अटीत ते बसत नव्हते. तेव्हा या सतरा वर्षांच्या पोराने ठरवले की आता परत जायचे ते एकट्यानेच. २५ एप्रिल १९३० रोजी तो क्रॉयडनहून निघाला.

तिसरे जे. आर. डी. टाटा. पंचवीस वर्षांचे, पॅरिसमध्ये जन्मलेले, देशातील सर्वांत मोठ्या उद्योगघराण्यातले. ते उलट बाजूने, म्हणजे कराचीहून, ३ मे रोजी निघाले. एक पश्चिमेकडून येतो आहे, दुसरा पूर्वेकडून जातो आहे, आणि दोघांची वाट एकच. अर्थात कोठे तरी दोघांची गाठ पडणार हे उघड होते.

ती गाठ पडली इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळच्या अबूकीर येथील वायुदलाच्या तळावर. टाटा तेथे उतरले तेव्हा एक मॉथ विमान आधीच उभे होते. चौकशी करता कळले की ते अस्पी इंजिनियरचे. अस्पी अडकून पडला होता. त्याचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि जादा प्लग त्याच्याजवळ नव्हते.

हा स्पार्क प्लग म्हणजे काय, ते ज्यांनी फटफटी दुरुस्त केली आहे त्यांना सांगायला नको. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते, त्या क्षणी प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या ढकलला जातो. प्लगवर तेलाची काजळी बसली की ठिणगी पडत नाही. विमानाच्या इंजिनात दगा होऊ नये म्हणून एकेका सिलिंडरला दोन दोन प्लग असतात. चार सिलिंडरला आठ. बोटभर लांबीची ही वस्तू. ती नसली की बाकीचे सारे यंत्र म्हणजे लाकूड आणि कापड.

टाटांजवळ जादा प्लग होते. आता विचार करा. समोर प्रतिस्पर्धी अडकलेला. त्याचा खोळंबा म्हणजे आपला फायदा. टाटांनी काही वाईट करावयाचे नव्हते. नुसते ‘शुभेच्छा’ म्हणून पुढे निघून जावयाचे होते. शर्यतीच्या कोणत्याही नियमाने त्यांना दोष दिला नसता. पुन्हा, पुढचा भूमध्य समुद्र टाटांना अजून ओलांडायचा होता. जादा प्लगची गरज त्यांनाही पडू शकली असती. तरीही टाटांनी आपल्याजवळचे प्लग काढून अस्पीला दिले. अस्पीनेही हात आखडला नाही. समुद्रावरचा त्याचा प्रवास झालेला होता, टाटांचा व्हायचा होता. त्याने आपले पाण्यावर तरंगणारे जीवरक्षक जाकीट टाटांना देऊ केले. दोघांनी एकमेकांना निरोप दिला. एक पूर्वेला गेला, एक पश्चिमेला.

निकाल असा लागला. मनमोहन सिंग तिसऱ्या प्रयत्नात कराचीला पोहोचला खरा, पण वाटेत विमान मध्येच उतरवावे लागल्याने त्याचा वेळ गेला होता आणि एका महिन्याची मुदत एका दिवसाने ओलांडली होती. अस्पी इंजिनियर ११ मे रोजी कराचीला उतरला. टाटा इंग्लंडला पोहोचले ते त्याच्या थोडे मागून. पारितोषिक अस्पीला मिळाले. टाटांनी पुढे अनेकदा सांगितले की तो जिंकला याचा त्यांना आनंदच झाला, कारण त्या यशामुळे त्याला वायुदलात प्रवेश मिळण्यास मदत झाली.

येथे ही हकीकत संपवून टाळ्या घेता येतील. पण मला तिच्यातील एका शब्दाकडे आपले लक्ष वेधायचे आहे. तो शब्द म्हणजे ‘एकट्याने’. पारितोषिकाची सारी भिस्त त्या शब्दावर होती. विमानात दुसरा माणूस नव्हता, हे खरेच. पण वाळवंटातला तास कोणी ओढला? मैलोन्‌मैल ओसाड प्रदेशात पेट्रोलचे डबे कोणी पोहोचवले, ते गाळून टाकीत कोणी ओतले? फाटलेले कापड कोणी शिवले, रोगण कोणी दिले? रात्री इंजिन उघडून काजळी कोणी खरवडली? बसरा, बगदाद, गाझा, त्रिपोली येथील त्या फिटरांची, खलाशांची, पाणक्यांची नावे कोणत्याही पारितोषिकाच्या यादीत नाहीत. एकट्याने उडता येते. एकट्याने पोहोचता येत नाही. आमच्या पूर्णा जंक्शनवर इंजिनाची शेड होती तेव्हाही हेच होते. गाडी वेळेवर आली की लोक ड्रायव्हरचे नाव घेत. कोळसा फावड्याने लोटणारा आणि रात्री चाकाखाली पडून बोल्ट आवळणारा कोणाच्या लक्षात राहत नसे.

याच दिवसांतली आणखी एक साक्ष देतो. ५ मे १९३० रोजी एमी जॉन्सन ही इंग्रज तरुणी क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियाकडे निघाली. तिचेही विमान जिप्सी मॉथच. सहा दिवसांत ती कराचीला आली, पुढे झांशीला उतरली, आणि रंगूनजवळ इनसीन येथे उतरताना तिचे विमान खड्ड्यात जाऊन पंख मोडला. योगायोगाने ते मैदान तेथील तंत्रविद्यालयाचे होते. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी खपून पंख दुरुस्त केला आणि २४ मे रोजी ती डार्विनला पोहोचली. इतिहासात लिहिले गेले की एका स्त्रीने एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलिया गाठली. ते यथार्थच आहे. तिचे धैर्य तिचेच. पण त्या ब्रह्मी विद्यार्थ्यांच्या सुताराच्या रंध्यावाचून ते वाक्य पुरे होत नाही.

पुढे काय झाले, हे पाहणेही उद्बोधक आहे. अस्पी इंजिनियर १९३१ साली क्रॅनवेलच्या विद्यालयात दाखल झाला. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हिंदी वायुदलाची स्थापना झाली. वायव्य सरहद्दीवरील कामगिरीबद्दल त्याला शौर्यपदक मिळाले, आणि १९६० च्या डिसेंबरात एअर मार्शल इंजिनियर भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा वायुदलाची धुरा त्यांच्याकडेच होती. १९६४ साली ते निवृत्त झाले. प्लगसाठी परक्या देशात अडकून पडलेला सतरा वर्षांचा मुलगा कोठे पोहोचला पाहा!

त्याच वायुदलाच्या आरंभीची दुसरी एक बाजू मला अधिक जवळची वाटते. अधिकारी क्रॅनवेलहून आले, पण विमाने सांभाळायला माणसे हवी होती. त्यांना ‘हवाई सिपाही’ म्हणत, आणि त्यांच्यातले पुष्कळजण रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी केलेले कारागीर होते. त्यांच्यातलाच हरजिंदर सिंग नावाचा सिपाही पुढे एअर व्हाइस मार्शल झाला. हिंदी माणसाला यंत्र कळत नाही या समजुतीला खरा तडा गेला तो या लोकांच्या हातांनी.

मनमोहन सिंगाची कथा वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धात तो वायुदलात दाखल झाला. ३ मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्रूम येथे जपानी विमानांनी हल्ला केला, त्यात तो मरण पावला. आरंभी ज्याच्या नावावर कोट्या झाल्या, ज्याला एका दिवसाने पारितोषिक हुकले, त्याची आठवण आज फारच थोड्यांना आहे. म्हणून मी त्याचे नाव आज मुद्दाम आपल्यापुढे घेतले.

टाटा हरले, पण शर्यतीने त्यांना जी वाट दाखवली ती त्यांनी सोडली नाही. नेव्हिल व्हिंटसेंट या माजी ब्रिटिश वैमानिकाच्या कल्पनेला त्यांनी उचलून धरले आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून पस मॉथ विमानाने टपाल घेऊन ते स्वतः अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून व्हिंटसेंट ते टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. अहमदाबादला या विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. जुहूला कचेरी म्हणजे झावळ्यांची शेड. पावसाळ्यात मैदानात चिखल होई, तेव्हा सारा कारभार पुण्याला हलवावा लागे. याच रोपट्याची १९४६ साली ‘एअर इंडिया’ झाली. १९५३ साली ती राष्ट्राच्या मालकीची झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटा समूहाकडे गेली.

आपल्या मराठवाड्याचा संबंध विचाराल, तर तो दुरून का होईना आहे. शर्यत झाली त्या १९३० सालीच निजाम सरकारने मनमाड–हैदराबाद मार्गासह आपल्या राज्यातील रेल्वे इंग्रज कंपनीकडून विकत घेतली. परभणीला बाहेरचे जग येत असे ते त्या छोट्या रुळांवरून. १९४५ साली निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत ‘डेक्कन एअरवेज’ निघाली. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्री आपल्या नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती परत जात. चार दिशांची विमाने एका मैदानावर येतात, आपले ओझे एकमेकांना देतात आणि निघून जातात, हे चित्र मला अबूकीरच्या भेटीचेच वाढलेले रूप वाटते.

आता एक अवघड गोष्ट. कामगार संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसाने टाटांसारख्या मालकाचे कौतुक करताना जीभ थोडी अडखळते. ती अडखळावी, हेही बरोबर आहे. १९२८ साली याच घराण्याच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात महिनोन्‌महिने संप चालला होता. त्याच वर्षी मुंबईच्या गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. फेब्रुवारी १९३० मध्ये जी. आय. पी. रेल्वेचे कामगार संपावर गेले होते. या लोकांच्या चुली थंड असताना कोणी हौसेने आकाशात फिरत होते, असे म्हणणाऱ्याचे तोंड मी धरणार नाही. परंतु न्याय करावयाचा तर दोन्ही पारडी भरली पाहिजेत. माणसाचा वर्ग त्याचे पुष्कळसे वागणे ठरवतो. सगळे ठरवीत नाही. अबूकीरच्या त्या मैदानावर टाटांनी जे केले ते व्यापाराच्या हिशेबात बसणारे नव्हते. संपाच्या दिवसांत आपल्या डब्यातली अर्धी भाकर शेजारच्याला देणारी माणसे मी पाहिली आहेत. त्या जातीचेच ते कृत्य होते, आणि ते श्रीमंताने केले म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. वाढतही नाही.

मी हे आज का सांगतो आहे? आज ‘स्पर्धा’ या शब्दाचे आपल्या जिल्ह्यात राज्य आहे. परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, कोठेही जा. अभ्यासिकांतून शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुले स्पर्धा परीक्षांची पुस्तके उघडून बसलेली दिसतात. जागा थोड्या, उमेदवार हजारो. शेजारच्या खुर्चीवरचा मित्र हा प्रतिस्पर्धी आहे, त्याला टिपणे दाखवू नकोस, असा सल्ला घरची मोठी माणसेदेखील देतात. मुलांच्या पोटाची काळजी मला कळते. ज्यांच्यापुढे एकच दार आणि तेही अरुंद, त्यांना औदार्याचा उपदेश करणे सोपे नाही. टाटांनी प्लग दिले तेव्हा त्यांचे घर त्या पारितोषिकावर चालणार नव्हते, हेही मी विसरत नाही. म्हणून दार रुंद करण्याची लढाई आपण मोठ्यांनी लढली पाहिजे; ते ओझे पोरांच्या चांगुलपणावर टाकून चालणार नाही.

पण त्यांना एवढे अवश्य सांगावे. त्या शर्यतीत तिघे होते. एकाला पाचशे पौंड मिळाले, दोघांना मिळाले नाहीत. जिंकलेला आणि हरलेला असे दोघेही देशाच्या उपयोगी पडले आणि तिसऱ्याने युद्धात प्राण दिला. पाचशे पौंड केव्हाच खर्च झाले. त्या पंधरवड्यातले जे आज सांगावेसे वाटते ते म्हणजे दोनदा परतूनही पुन्हा निघालेला मनमोहन सिंग, नांगराने ओढलेली वाळवंटातली रेघ, आणि एकाने दुसऱ्याच्या हातावर ठेवलेले काही स्पार्क प्लग. आपल्या खिशात जादा प्लग असेल आणि शेजारी कोणी अडकलेला असेल, तर तो काढून द्यावा. आपले विमान त्याने मागे राहिले तरी वाट दोघांची एकच असते.